बाप नसलेल्या मुलांसाठी उन्हाळी हुन्नर शिबिर: आधी माणूस ठरवा, मग ट्रेड

सलाम भाऊ. तुमचा प्रश्न मी जसा समजलो तसा आधी सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुमच्या चर्चच्या तरुण संघाला यंदा मे महिन्यात व्हीबीएसच्या (मुलांच्या सुट्टीतल्या बायबल शाळेच्या) जोडीने बाप नसलेल्या मुलांसाठी १२ दिवसांचं शिबिर घ्यायचं आहे. सकाळी भक्ती आणि बायबल पाठ, मग सुतारकाम, शिवण, इलेक्ट्रिक, मोबाईल रिपेअरिंग आणि वेल्डिंग असे पाच ट्रेड, मुलं साठेक, वय ८ ते १७. आणि तुम्ही विचारलं की सिलॅबस कसा करायचा, सर्टिफिकेट कोणाचं द्यायचं, खर्च किती येईल. मी आयटीआयमध्ये वायरमन ट्रेडचा शिल्प निदेशक होतो, आता रिटायर आहे, आणि नागपुरात चर्चच्या अशा शिबिरांत बरीच वर्षं इलेक्ट्रिकचं काम शिकवत आलो आहे, त्यावरून लिहितो. लांब होईल पण पूर्ण वाचा.

सिलॅबस आणि सर्टिफिकेट नंतर पाहू. आधी हे ठरवा की शिबिर संपल्यावर त्या मुलाजवळ कोणता माणूस उरणार आहे.

बाप गेला की घरातली कमाई गेली हे सगळ्यांनाच दिसते. पण अजून एक गोष्ट जाते जी कोणी मोजत नाही. बाप प्लंबर असो की ऑटो चालवणारा, पोरगा त्याच्या मागे मागे फिरतो, पाना धरतो, टॉर्च धरतो, शिव्या खातो, आणि कोणी न शिकवता त्याचा हात बसतो. आणि बापाची ओळखही त्याला आपोआप मिळते, इतवारीतल्या लोहा ओळीत दुकानदार सामान उधार देतो कारण हा अमक्याचा पोरगा, ठेकेदार साईटवर घेतो कारण बाप त्याच्याकडे काम करत होता. बिनबापाच्या पोराजवळ हे दोन्ही नसते. त्याला हुशारी कमी नसते, हातही चांगला असतो, पण त्याच्यासाठी शब्द टाकणारं कोणी नसते. आई दोन-तीन घरची कामं करून थकून येते, मामा-काका स्वतःच्या संसारात. म्हणून मी म्हणतो की शिबिराचं खरं काम ट्रेड शिकवणं नाही, मुलाला एका कारागिराच्या ओळखीत आणून सोडणं आहे. १२ दिवसांत इलेक्ट्रिशियन होत नाही भाऊ, आयटीआयमध्ये वायरमनला दोन वर्षं लागतात आणि त्यानंतरही पोट्टे एखाद्या उस्तादाच्या हाताखाली राबतात तेव्हा कुठे एकट्याने काम घेतात. पण १२ दिवसांत एका मुलाची आणि एका मिस्त्रीची चांगली ओळख नक्की होते, आणि ती पुढे टिकवता येते.

आपल्या शास्त्रातही हे असंच आहे. यहुदी लोकांत मुलाला हुन्नर शिकवणं हे बापाचं कर्तव्य मानलं जाते, त्यांचे जुने रब्बी तर म्हणत की जो आपल्या मुलाला धंदा शिकवत नाही तो त्याला जणू चोरीच शिकवतो. प्रेषित पौल एवढा शिकलेला माणूस, पण तंबू करायचं काम त्याच्या हाताला होतं आणि करिंथात तो त्याच कामावर अक्विल्ला आणि प्रिस्किल्लाच्या घरी राहिला. आणि आपल्या प्रभू येशूला नासरेथचे लोक 'सुतार' म्हणूनच ओळखत होते, मार्क ६:३ पाहा. मत्तय त्याला सुताराचा मुलगा म्हणतो, म्हणजे काम योसेफाकडून आलं. पण प्रभूची सेवा सुरू झाल्यावर योसेफ कुठेच दिसत नाही, मरिया दिसते, भाऊ दिसतात, योसेफ नाही, आणि मंडळीची जुनी समजूत अशीच आहे की तो तोवर वारला होता. हे मी मुलांना मुद्दाम सांगतो, कारण आपल्यासारखंच प्रभूच्या घरीही झालं असेल हे ऐकल्यावर ती मुलं वेगळ्या कानाने ऐकतात.

दुसरी जागा बायबलातल्या 'अनुवाद' ह्या पुस्तकाचा २४ वा अध्याय. शेत कापताना पेंढी विसरली तर परत आणायला जाऊ नका, जैतुनाची झाडं दुसऱ्यांदा झोडपू नका, द्राक्षं दुसऱ्यांदा वेचू नका, ते परक्यासाठी, पितृहीनासाठी आणि विधवेसाठी राहू द्या. तिथे पितृहीनाला शिजवलेली भाकर देत नाहीत, त्याला शेतात येऊ देतात आणि तो आपल्या हाताने वेचून नेतो. किराणा किट वाटणं वाईट नाही, आपणही वाटतो, पण किट घेताना तेच पोरगं मान खाली घालून उभं राहते आणि स्वतः शिवलेली पिशवी आईला देताना मान वर असते. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात ह्याच आपल्या मध्यप्रांतातून शेकडो मुली केडगावला नेल्या तेव्हा त्यांना नुसतं जेवू घालून ठेवलं नाही, विणकाम, शिवण, तेलघाणी, छापखाना अशी कामं त्यांच्या हातात दिली. वर्ध्याला १९३७ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद झाली आणि नई तालीम निघाली, त्यातही हाताचं काम शिक्षणाच्या मधोमध होतं. म्हणजे ही गोष्ट आपल्या मातीतलीच आहे, आपण बाहेरून काही नवीन आणून नाही राहिलो.

आता तुमचे पाच ट्रेड आणि साठ मुलं. हे कमी करा. दोन-तीन ट्रेड आणि २० ते २४ मुलं, एका उस्तादाकडे सहाच्या वर नको. साठ मुलं आली की शिबिराचं पहिल्याच दिवशी वर्ग होऊन जाते, मागची मुलं नुसती पाहत बसतात आणि पाहून हुन्नर येत नाही. वेल्डिंग पूर्ण काढून टाका, आर्कच्या उजेडाने डोळ्यांचं नुकसान होते, त्या पोरांच्या मापाचे ना चष्मे मिळतात ना हातमोजे. मोबाईल रिपेअरिंगची पोट्ट्यांना लय हौस असते हे मला माहीत आहे, पण त्याला सोल्डरिंगचा बारीक हात लागतो, बॅटरीचा धोका असतो आणि १२ दिवसांत पोरगं फक्त स्क्रीन उघडायला शिकते आणि घरचा चांगला फोन बिघडवते. नंतरच्या वर्षी पाहा.

मग काय शिकवायचं? नागपूरच्या मे महिन्यात त्याचं उत्तर घराघरात खिडकीला लागलेलं आहे. कूलर. पारा ४५ च्या आसपास असतो, नवतपात (मे अखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत) तर बाहेर निघवत नाही, आणि झोपडपट्टीतल्या एका खोलीच्या घरातही लोखंडी पत्र्याचा कूलर असतो. तो ह्याच दिवसांत बिघडतो, आणि मिस्त्री ह्याच दिवसांत मिळत नाही. शिकायला ह्याच्यासारखी वस्तू नाही, कारण त्यात सगळं आहे आणि सगळं उघडं दिसते: मोटर, पंप, कंडेन्सर (कपॅसिटर), स्विच, वायरिंग, अर्थिंग. मुलगा घरी जाऊन त्याच दिवशी आईला करून दाखवू शकतो.

पण त्याच कूलरने दर उन्हाळ्यात आपल्याकडे माणसं शॉक लागून मरतात, लहान लेकरंही, पेपरात तुम्ही वाचताच. म्हणून माझ्याकडे पहिले दोन दिवस मुलं मोटरला हातच लावत नाहीत, फक्त शॉक का लागतो ते शिकतात. आत सगळीकडे ओलावा, मोटरच्या वाइंडिंगचं किंवा पंपाच्या वायरचं इन्सुलेशन खराब झालं की करंट पत्र्याच्या बॉडीत येतो. घरात अर्थिंग नाही, नाहीतर तीन पिनची वायर कापून दोन पिनचा प्लग लावला आहे, फरशी ओली, पाय उघडे, आणि कोणीतरी चालू कूलरमध्ये बादलीने पाणी टाकायला जाते. हे सगळं एकत्र आलं की माणूस जातो. मुलांना हे फळ्यावर काढून नाही दाखवायचं, खरा जुना कूलर मधे ठेवायचा आणि एकेकाने बोट ठेवून सांगायचं की करंट इथून इथे कसा येईल. मग मल्टिमीटर द्यायचा. प्लग काढलेला, आणि प्लगच्या पिनेपासून बॉडीपर्यंत कंटिन्युइटी, म्हणजे करंटला सलग वाट, येते का पाहायची, फेज-न्यूट्रलच्या पिनेवर यायला नको आणि अर्थच्या पिनेवर यायलाच पाहिजे. एवढी एक तपासणी जरी चौदा वर्षांच्या मुलाला आली आणि त्याने गल्लीतल्या चार घरी करून दिली तर एखादा जीव वाचेल, हे मी अगदी मनापासून म्हणतो. मीटरने सगळं पकडल्या जात नाही, ओलाव्याने हळूहळू होणारं लीकेज पाहायला मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लागतो, तेही उस्तादाने एकदा लावून दाखवावं, म्हणजे 'मीटरवर ठीक आहे' म्हणून पोरं बेफिकीर होणार नाहीत.

तिसऱ्या दिवसापासून काम. पंप जाम का होतो, आपल्या बोअरच्या पाण्यातला क्षार आत बसतो, पंप उघडून आतला छोटा पंखा साफ करायचा. मोटर नुसती गुणगुणते आणि फिरत नाही तर बहुतेक कंडेन्सर गेला, आणि नवा लावतानाही जुन्याला आधी डिस्चार्ज करायचं. बुश घासला तर आवाज कसा येतो, ताट्यांचं गवत कधी बदलायचं, पाणी सगळ्या ताट्यांवर सारखं पडते की नाही. आणि नियम एकच, जो मोडला तर त्या मुलाचं त्या दिवसाचं काम थांबते: प्लग फक्त उस्ताद लावेल. टेस्टिंग सिरीज बोर्डावर (ज्यात बल्ब सिरीजमध्ये जोडलेला असतो), आणि सगळी सप्लाय ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीतून (करंट लीक झाला की सप्लाय तोडणाऱ्या स्विचमधून). हॉलमध्ये तो नसेल तर शिबिराच्या आधी बसवून घ्या, ह्या खर्चात घासाघीस करू नका.

कूलर फक्त १४ वर्षांवरच्यांना. ८-९ वर्षांच्या लेकरांना तर ह्या शिबिरात घेऊच नका, त्यांच्यासाठी तुमचं व्हीबीएसच चांगलं आहे. १० ते १३ वाल्यांना बुक बाइंडिंग आणि सायकल द्या. बाइंडिंग लोकांना मागासलेलं काम वाटते पण मुलाला माप, काटकोन, धीर हे सगळं त्यात मिळते, आणि विदर्भात शाळा जूनच्या शेवटी सुरू होतात तोवर स्वतः शिवलेल्या वह्यांचा गठ्ठा घेऊन पोरगं तयार असते. मागच्या वर्षीच्या वह्यांतले कोरे कागद गोळा करा, फेव्हिकॉल, खळ, जाड पुठ्ठा, सुई-दोरा, बस. सायकलमध्ये पंक्चर, चेन, ब्रेक, एवढंच पण नीट. रिम आउट काढणं वगैरे लहान हाताला जमत नाही, सोडून द्या.

शिवण ठेवा, पण एक अट, मुलींना शिवण आणि मुलांना इलेक्ट्रिक असं वाटप करू नका. मुलीला विचारा आणि मुलालाही विचारा. गांधीबागेच्या कपड्याच्या दुकानांच्या मागे पाहा, कटिंग मास्टर बहुतेक पुरुषच आहेत, आणि मोटर वाइंडिंगचं बारीक काम मुली फार छान करतात, मी आयटीआयमध्ये पाहिलं आहे. शिवणीची सुरुवात दोरा न लावता रेघांच्या कागदावर मशीन चालवून करा, रेघेवर सुई चालली पाहिजे, मग कापडाची पिशवी, मग परकर. १२ दिवसांत ब्लाउजच्या मागे लागू नका. शेवटचे दोन दिवस पिको-फॉल दाखवा आणि त्या दोन दिवशी आयांनाही बोलवा, कारण पिको-फॉल हे असं काम आहे की घरी मशीन असेल तर गल्लीतच गिऱ्हाईक मिळते.

वेळ. सकाळी साडेसहाला सुरू आणि साडेदहाला बंद, दुपार नाहीच. टिनाच्या शेडमध्ये घेऊ नका, चर्चचा हॉल नाहीतर शाळेच्या तळमजल्याची खोली घ्या. आल्याबरोबर पोहे, मधे पन्हं किंवा ताक, ओआरएस जवळ असू द्या, आणि मुलं परत कशी जातात ते पाहा, कारण साडेदहाला कामठी किंवा हिंगण्याकडे पायी निघालेलं पोरगं उन्हात सापडते, म्हणून ऑटो लावून द्या. शिबिर निवासी करू नका. मुक्काम म्हटला की रात्रीची जबाबदारी, मुलींची वेगळी व्यवस्था, परवानग्या, सगळं वाढते, आणि रात्री ही मुलं आईजवळ असलेलीच बरी, बाप गेलेलं लहान पोरगं आईपासून लांब झोपायला घाबरते, आई पण जाईल की काय असं त्याला वाटते.

उस्ताद कसा निवडायचा ह्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. मंडळीतला इंजिनिअर भाऊ चांगला असतो पण मला तो नको, मला हाताने काम करून पोट भरणारा माणूस पाहिजे. लकडगंजमध्ये सुतार आहेत, इतवारीत वाइंडिंगवाले आहेत, जरीपटक्यात, सदरला, गड्डीगोदामला छोटी छोटी रिपेअरिंगची दुकानं आहेत. दुकानावर जा, अर्धा दिवस बसा, तो आपल्या हेल्परशी कसा बोलतो ते पाहा. हेल्परवर हात उचलतो, किंवा तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात ठेवून पोरांना आईबहिणीवरून बोलतो, तो कितीही मोठा कारागीर असला तरी नाही. चुकलेलं काम शांतपणे परत उघडायला लावतो, तो आपला माणूस. तो ख्रिस्ती असलाच पाहिजे असं नाही, नागपूरचे कितीतरी उत्तम मिस्त्री मुसलमान आहेत, बौद्ध आहेत, कोष्टी आहेत, आणि बायबलात सोरच्या हिराम राजाकडून आलेले परके कारागीर शलमोनाच्या मंदिरावर चालले तर आपल्या हॉलमध्ये काहून चालणार नाही? आणि त्याला पूर्ण मजुरी द्या. मे महिना कूलरवाल्याचा सीझन आहे, तो तुमच्यासाठी रोजी सोडून येईल. सेवा म्हणून फुकट करा असं म्हटलं तर तो तीन दिवस येईल आणि चौथ्या दिवशी गिऱ्हाइकाकडे जाईल, आणि त्या मुलांना पुन्हा एकदा एक मोठा माणूस सांगितलेल्या वेळेला आला नाही हेच पाहायला मिळेल. त्यांनी ते पुरेसं पाहिलं आहे.

आता भक्ती आणि बायबल पाठाबद्दल, कारण हे ख्रिस्ती शिबिर आहे आणि ते लपवायचं काही कारण नाही. स्तोत्र ६८:५ मध्ये देवाला पितृहीनांचा पिता म्हटलं आहे, आणि प्रत्येक जण पहिल्याच दिवशी तेच वचन घेऊन उभा राहतो. माझी विनंती आहे की पहिल्या दिवशी घेऊ नका. ह्या मुलांत कोणाचा बाप ॲक्सिडेंटमध्ये गेला, कोणाचा कोरोनात, कोणाचा दारूने, आणि कोणाचा जिवंत आहे पण दुसरीकडे संसार करून राहिला. ज्याच्या बापाने त्याला आणि आईला मारलं त्याला 'देव तुझा बाप आहे' हे ऐकून आधी भीती वाटते. मेंढपाळ सांगा, सुतार सांगा, किनाऱ्यावर निखाऱ्यांवर मासळी भाजून शिष्यांना जेवायला बोलावणारा प्रभू सांगा, आणि पिता हा शब्द चार-पाच दिवसांनी, मुलं बोलायला लागल्यावर. स्टेजवर बोलवून 'बाबा कसे गेले' ही साक्ष कोणाकडूनही घेऊ नका. काम करता करता मुलं स्वतःच सांगतात, हात गुंतलेला असला की तोंड मोकळं होते, तेव्हा फक्त ऐकणारा माणूस जवळ पाहिजे.

सगळी मुलं तुमच्या मंडळीतली नसतील, वस्तीतून हिंदू, बौद्ध, मुसलमान घरची येतील, यायलाच पाहिजेत. तर आईला आधीच मराठीत लिहून द्या की सकाळचा पाऊण तास भक्ती आहे, ती ऐच्छिक आहे, त्या वेळात बसायचं नसेल तर मूल पावणेआठला, कामाच्या वेळेला येऊ शकते, पोहे आणि ऑटो त्यालाही आहे. आणि तसंच वागा. टूलकिट, जेवण, पुढची मदत, ह्यातलं काहीच भक्तीला बसण्यावर अवलंबून नको. हे फक्त कायद्याच्या किंवा भांडणाच्या भीतीने नाही सांगत, भुकेल्या घरच्या मुलाकडून सामानाच्या बदल्यात आलेला होकार हा होकारच नसतो, आणि प्रभूने कोणाला बरं करायच्या आधी अशी अट घातली नाही.

मुलांची सुरक्षा. एकटा मोठा माणूस आणि एकटं मूल बंद खोलीत कधीच नाही, पाळक साहेब असले तरी नाही. मुली आहेत तर पूर्ण वेळ दोन बाया हजर पाहिजेत. शिकवणाऱ्या सगळ्यांना पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा) कायदा काय आहे ते एक तास बसवून समजावून सांगा, २०१२ चा कायदा आहे, आणि काही कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मंडळीत मिटवून टाकणं चालत नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा चाइल्डलाइन नंबर भिंतीवर मोठा लिहा. फोटो आईच्या लेखी परवानगीशिवाय नाही, आणि देणगीदारांसाठी रडक्या चेहऱ्याचे फोटो परवानगी असली तरी नाही. बॅनरवर 'अनाथ' किंवा 'बिनबापाची मुलं' लिहू नका, 'उन्हाळी हुन्नर शिबिर' एवढं पुरते. शक्य असलं तर चार-पाच मुलं बाप असलेलीही घ्या, म्हणजे शेजारीपाजारी शिबिरावर शिक्का बसत नाही.

एक धोका अजून आहे, आणि तो शिबिर चांगलं झाल्यावरच येतो. पोराला काम येते असं कळलं की घरात दबाव वाढतो, शाळा सोड आणि दुकानावर लाग. १४ वर्षांच्या खाली कोणत्याही दुकानात कामाला ठेवणं २०१६ च्या दुरुस्तीनंतर पूर्ण बंद आहे, १४ ते १८ वाल्यांना धोक्याच्या कामांवर बंदी आहे. पण कायदा सांगून आईचं घर चालत नाही, म्हणून आईला पैशाचा दुसरा रस्ता दाखवावा लागतो, आणि शिबिरातला एक पूर्ण दिवस मी आयांच्या कागदपत्रांसाठी ठेवतो. बालसंगोपन योजनेत एक पालक गेलेल्या मुलाला महिन्याला २,२५० रुपये मिळतात, अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याच्या ऑफिसात. संजय गांधी निराधार योजनेत विधवेला १,५०० रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या घरचा कर्ता गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २०,००० एकदाच, त्यासाठी तहसील कार्यालय. कितीतरी आयांनी नवऱ्याचा मृत्यू दाखलाच काढलेला नसतो, सगळं तिथेच अडते, तर तुमच्या तरुण संघाच्या पोरांना ह्या कामाला लावा, महानगरपालिकेच्या झोन ऑफिसात आईसोबत जायचं, रांगेत उभं राहायचं. अनाथांसाठीचं एक टक्का आरक्षण आई जिवंत असलेल्या मुलाला लागू होत नाही, त्यात तिला फिरवू नका.

शिबिरानंतर. इथेच बहुतेक शिबिरं संपतात आणि इथूनच आपलं काम सुरू होते. प्रत्येक मुलाला एक उस्ताद ठरवून द्या, शेवटच्या दिवशी आईसमोर, उस्तादासमोर. शाळा सुरू झाल्यावर महिन्यातले दोन शनिवार संध्याकाळी मूल चर्चच्या हॉलमध्येच येईल, दुकानावर नाही, उस्तादही तिथेच येईल आणि तुमचा एक माणूस हजर राहील, उस्तादाच्या वेळेचे पैसे तुम्ही द्या. हे वर्षभर चाललं पाहिजे, १२ दिवसांच्या खर्चातून थोडं कमी करा पण ह्याच्यासाठी आधी बाजूला काढून ठेवा. दहावीनंतर आयटीआयचा ऑनलाइन फॉर्म भरायला तोच उस्ताद आणि तुमचा एक माणूस सोबत बसेल. वायरमन, वेल्डर, प्लंबर, सुतारकाम अशा काही ट्रेडला शिक्षणाची अट कमी आहे, इलेक्ट्रिशियनला दहावी पास लागते, म्हणून जो नापास होईल त्यालाही रस्ता आहे हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे निकालाच्या दिवशी घर सोडून पळणार नाही. आणि पुढे अप्रेंटिसशिपला बुटीबोरी किंवा हिंगणा एमआयडीसीत जायची वेळ आली की शब्द टाकायला तोच उस्ताद असेल. मी वर म्हटलं ना, बाप गेल्यावर जे जाते ते हेच, कोणीतरी फोन करून म्हणणारं की पोरगा माझ्या हाताखालचा आहे, घ्या.

सर्टिफिकेट द्या, चर्चच्या नावाचं, मुलांना आनंद होतो, पण त्याला सरकारी किंमत नाही हे आईला स्पष्ट सांगा. त्यापेक्षा हत्यारं द्या. मोठ्यांना टेस्टर, पक्कड, कटर, दोन स्क्रू ड्रायव्हर, साधा मल्टिमीटर, एका पेटीत, पेटीवर मुलाचं नाव रंगवलेलं. लहानांना कात्री, स्केल, सुया, पंक्चरचं सामान. अनुवाद १५ मध्ये दासाला सोडताना रिकाम्या हाताने पाठवू नका असं आहे, मग मुलाला काहून पाठवायचं. पेटी हजार-बाराशेत होते, आणि मंडळीतली घरं एकेक पेटी घ्यायला तयार होतात, अनुभव आहे. शिवण मशिनी विकत घेऊ नका, महिला मंडळाकडून १२ दिवसांसाठी मागा. बाकी खर्च म्हणजे उस्तादांची मजुरी, पोहे, ऑटो आणि आरसीसीबी, तो तुमच्या पास्टोरेट कमिटीला (चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीला) आत्ताच लेखी द्या.

कूलर जुने लागतील, सहा मुलांच्या गटाला दोन. भंगारवाल्याकडून घेऊ नका, त्यात अर्धे पार्ट नसतात. रविवारी उपासनेनंतर घोषणा करा की घरचा बंद पडलेला कूलर द्या, दुरुस्त करून परत मिळेल, पार्टचे पैसे तेवढे द्यावे लागतील. मुलांकडून त्याचं बिल लिहून घ्या, पार्ट वेगळे, मजुरी वेगळी, बाजारभावाने, कारण आपल्या कामाची किंमत सांगताना ह्या मुलांची जीभ अडते आणि तेही शिकवावंच लागते. मजुरी फक्त कागदावर लिहायची, घ्यायची नाही. परत देण्याआधी प्रत्येक कूलर उस्तादाने स्वतः तपासून, तीन पिनचा प्लग लावून आणि बॉडीला अर्थ जोडूनच द्यायचा. उस्तादांशी बोलणं मार्च संपायच्या आत करा, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यानंतर कूलरवाला तुमचा फोनही उचलणार नाही.